ऑपरेशन थिएटरमधली सेफ्टी चेकलिस्ट: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे, फ्रीलान्स. म्हणजे सकाळी एका हॉस्पिटलला सिझर, तिथून निघून दुसऱ्या नर्सिंग होमला हर्निया, दुपारी अजून कुठेतरी हाडाची केस. त्यामुळे ऑपरेशन थिएटर, म्हणजे आमच्या भाषेत ओटी, भरपूर बघायला मिळतात, आणि चेकलिस्ट कुठे खरोखर होते आणि कुठे नुसती फाइलला लागते हेही लगेच कळतं. सिस्टर लोक, नवीन सर्जन आणि पेशंटचे नातेवाईक जे प्रश्न मला सारखे विचारतात ते इथे एकत्र केलेत.

ही सेफ्टी चेकलिस्ट म्हणजे नक्की काय?

एका पानाचा कागद. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, जून २००८ मध्ये आणला. त्यात १९ मुद्दे आहेत आणि ते तीन वेळा थांबून मोठ्याने बोलून तपासायचे असतात. भूल द्यायच्या आधी साइन इन, चाकू लावायच्या आधी टाइम आऊट, आणि पेशंट ओटीबाहेर न्यायच्या आधी साइन आऊट. ऑपरेशन कसं करायचं हे त्यात कुठेही नाही, ते सर्जनला येतंच. सगळ्यांना माहीत असतं पण गडबडीत राहून जातं, तेवढंच त्यात घेतलंय.

साइन इनमध्ये काय काय विचारतात?

पेशंट जागा असताना त्याचं नाव, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं, कन्सेंटवर सही झाली का. मग मार्किंग, म्हणजे ऑपरेशनच्या जागेवर खूण केली का, भुलीचं मशीन आणि औषधं तपासली का, पल्स ऑक्सिमीटर लावलाय आणि चालतोय का, कशाची ॲलर्जी आहे का. त्यानंतर दोन प्रश्न येतात ज्यात माझा जीव अडकलेला असतो. एक, श्वासनलिकेत नळी घालायला अवघड जाईल का किंवा पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती आहे का. दुसरा, अर्ध्या लिटरच्या वर रक्त जाईल का, लहान मुलांमध्ये हिशोब किलोमागे ७ मिली. जाणार असेल तर दोन चांगल्या सलाइनच्या लाइन आणि रक्ताची सोय आधी हवी, ब्लड बँकेला माणूस पळवायची वेळ ती नसते.

उपाशी आहे का हा प्रश्न कागदावर वेगळा नाही पण मी विचारतेच, आणि उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही हो मॅडम, सकाळपासून उपाशीच आहे, फक्त चहा घेतला." चहात दूध असतं आणि दूध म्हणजे खाणंच, त्याला सहा तास लागतात. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. म्हणून मी आता "उपाशी आहात का" असं विचारतच नाही, "चहा किती वाजता घेतला" असं विचारते, लगेच खरं उत्तर येतं.

हे कोणी काढलं? आपल्याकडचं कोणी होतं म्हणतात, खरं का?

हो, अर्धं खरं. डब्ल्यूएचओच्या या कामाचं नेतृत्व अतुल गावंडे यांनी केलं. ते बॉस्टनचे सर्जन, जन्म आणि डॉक्टरकीचं शिक्षण अमेरिकेतलं, पण वडील डॉ. आत्माराम गावंडे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, उमरखेडजवळच्या उटी गावचे, अमेरिकेत ओहायोत युरोलॉजिस्ट (मूत्रविकारांचे सर्जन) होते आणि नंतर उमरखेडला आईच्या नावाने कॉलेज काढायला मदत केली. त्यामुळे विदर्भातल्या डॉक्टरांना या कागदाबद्दल जरा जास्तच आपुलकी असते, असू दे.

बाकी कल्पना विमानांकडून आलेली. १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायोमध्येच बोइंगचं एक नवीन मोठं बॉम्बर चाचणीच्या वेळी पडलं. पायलट अतिशय अनुभवी होता, मशीनमध्ये बिघाड नव्हता, उड्डाणाआधी शेपटाकडचं एक लॉक काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर पायलट लोकांनी यादी वाचून टेकऑफ करायला सुरुवात केली.

पण याने खरंच फरक पडतो का? की नुसतं अजून एक पेपरवर्क?

हा प्रश्न सर्जन लोक मुद्दाम विचारतात आणि विचारायलाच पाहिजे.

पहिला अभ्यास जानेवारी २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला. आठ शहरांतली आठ हॉस्पिटलं: टोरंटो, सिॲटल, लंडन, ऑकलंड, अम्मान, मनिला, टांझानियातलं इफाकारा आणि आपली दिल्ली. चेकलिस्टच्या आधीचे ३७३३ पेशंट आणि नंतरचे ३९५५. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं आणि गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर. एका कागदाने एवढं होतं म्हटल्यावर सगळीकडे गाजावाजा झाला.

मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा अभ्यास आला, १०१ हॉस्पिटलं, सरकारने चेकलिस्ट लागू करायला लावलेली. मृत्यू ०.७१ टक्क्यांवरून ०.६५, म्हणजे आकडेशास्त्राच्या हिशोबाने काहीच फरक नाही. आणि गंमत अशी की चेकलिस्ट जवळपास शंभर टक्के केसेसमध्ये वापरली असं हॉस्पिटलांनीच कळवलं होतं. आता ज्याने कुठल्याही ओटीत चार दिवस काढलेत त्याला शंभर टक्के हा आकडा ऐकून जे वाटेल तेच मला वाटतं.

पहिला अभ्यास आधी-नंतर असा होता, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते, त्यामुळे त्यातला सगळा फायदा कागदाचा असंही मी म्हणणार नाही. पण अमेरिकेत साउथ कॅरोलायनामध्ये ज्या १४ हॉस्पिटलांनी नीट ट्रेनिंग घेऊन, टीमला बसवून, सगळा कार्यक्रम पूर्ण केला तिथे ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू ३.३८ टक्क्यांवरून २.८४ वर आले, हे २०१७ मध्ये छापून आलं. वरून आदेश आला म्हणून भरलेली आणि टीमने स्वतः करायची ठरवलेली, या दोन वेगळ्याच चेकलिस्ट आहेत, जरी कागद तोच असला तरी.

पेशंटचं नाव चार-चार वेळा का विचारता? नातेवाईक चिडतात.

चिडू देत. आपल्याकडे नावाचा घोळ किती असतो ते बघा. बाळंतपणाला आलेली मुलगी माहेरी आलेली असते, आधारवर माहेरचं नाव, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर सासरचं, रक्ताच्या रिपोर्टवर तिसरंच काहीतरी कारण लॅबवाल्याने जे ऐकलं ते टाइप केलं. एका वॉर्डात दोन शिंदे मावशी असतात, एकीची पित्ताची पिशवी आणि एकीचा हर्निया. वॉर्डबॉय मामा दारात येऊन "शिंदे मावशी चला" म्हणतात आणि जी आधी उठते ती ट्रॉलीवर बसते, खरंच बसते.

आणि विचारायची पद्धत महत्त्वाची. "तुम्ही सुनीताबाई ना?" असं विचारलं की घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा, कशाचं ऑपरेशन आहे, कुठल्या बाजूचं, हात लावून दाखवा." त्यांनी बोललं पाहिजे, आपण नाही. ऐकायला कमी येत असेल किंवा भाषा वेगळी असेल, बंजारा तांड्यावरून आलेली आजी असेल तर नातेवाईकाला आत बोलवा, दोन मिनिटांत काही बिघडत नाही.

मार्किंग कोणी करायचं आणि कशाने?

जो ऑपरेशन करणार त्याने, पेशंट जागा असताना, न पुसणाऱ्या मार्करने. साध्या बॉलपेनचं मार्किंग बीटाडिनने धुतलं की गायब. बाण काढा किंवा सही करा, फुली मारू नका, कारण फुली म्हणजे इथे कापा की इथे कापू नका हे बघणाऱ्यावर अवलंबून राहतं. आणि हिरवं कापड टाकल्यावरसुद्धा दिसेल अशा जागी पाहिजे. गुडघ्याचं ऑपरेशन आणि मार्क पोटरीवर, कापडाखाली, त्याचा काय उपयोग.

अँटिबायोटिकची वेळ का विचारतात? वॉर्डात दिलं की झालं ना?

नाही झालं. चेकलिस्टमध्ये प्रश्न असा आहे की चाकू लावायच्या आधीच्या ६० मिनिटांत दिलं का. औषध रक्तातून त्या कापलेल्या जागेपर्यंत आधी पोचलेलं असलं पाहिजे आणि तेव्हा त्याचं प्रमाण भरपूर असलं पाहिजे.

आपल्याकडे काय होतं, केस नऊची लावलेली असते, वॉर्डातली सिस्टर प्रामाणिकपणे साडेआठला इंजेक्शन देऊन फाइलवर सही करते. मग सरांची ओपीडी संपत नाही, आधीची केस लांबते, मी दुसऱ्या हॉस्पिटलमधून निघालेलीच नसते, आणि पेशंट टेबलवर येतो साडेअकराला. फाइलवर अँटिबायोटिक गिव्हन असं लाल पेनाने लिहिलेलं असतं, सगळे खूश. साधा उपाय म्हणजे ते ओटीतच द्यायचं, भूल देताना, मी देते, म्हणजे वेळ आपल्या हातात. आणि ऑपरेशन चार तासांच्या वर गेलं किंवा रक्त खूप गेलं तर सेफाझोलिनसारख्या औषधाचा परत एक डोस. सिझरमध्येही आता कापायच्या आधीच द्यायचं असतं, पूर्वी नाळ बांधल्यावर द्यायचे ती सवय काही ठिकाणी अजून गेलेली नाही.

टाइम आऊटला सगळ्यांनी आपापलं नाव सांगायचं, हे जरा नाटकी नाही का वाटत?

वाटतं, पहिले काही दिवस सगळे हसतात. रोज तीच टीम असेल तर डब्ल्यूएचओसुद्धा म्हणते की ओळख असल्याची खात्री पुरे. पण माझ्यासारखीला विचारा, मी ज्या ओटीत जाते तिथल्या नवीन फ्लोअर नर्सचं, म्हणजे टेबलापासून लांब राहून सामान आणून देणारीचं, नाव मला माहीत नसतं आणि पेशंटचं प्रेशर पडलं की मी "ओ सिस्टर" ओरडते आणि तिघी मागे वळून बघतात. शिवाय एकदा सगळ्यांसमोर तोंड उघडलेली मुलगी पुढे काही चुकीचं दिसलं तर बोलते. पहिल्यापासून गप्प उभी असलेली शेवटपर्यंत गप्पच राहते.

ओळखीनंतर सर्जन सांगतो अवघड टप्पा कुठला, वेळ किती, रक्त किती जाईल. मी सांगते पेशंटला शुगर आहे, हार्टचं काय आहे. सिस्टर सांगते सामान निर्जंतुक आहे का, ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनच्या) इंडिकेटर टेपवर काळ्या पट्ट्या आल्यात का. एक्स-रे किंवा एमआरआय भिंतीवर लावलाय का, आणि सरळ लावलाय का! उलटा लावलेला एक्स-रे डाव्याचं उजवं करतो.

मॉपची मोजणी एवढी काटेकोर कशाला? सर्जन तर म्हणतात "माझ्या पोटात मॉप राहत नाही".

मॉप म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं कापड. रक्ताने भिजलेला मॉप पोटात आतड्यासारखाच दिसतो आणि हाताला तसाच लागतो, त्यात सर्जनच्या हुशारीचा संबंध नाही. लांबलेली केस, इमर्जन्सी, जाड पेशंट, मध्येच सिस्टरची ड्यूटी बदलली, अशा वेळी जास्त राहतो.

याबाबत महाराष्ट्रातलीच एक केस सगळ्यांना माहीत पाहिजे. १९६३ साली तेव्हाच्या औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका बाईचं बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, नंतर ताप आणि पोटदुखी थांबेना, काही दिवसांनी पोट परत उघडलं तर आत कापड सापडलं, आणि त्या वाचल्या नाहीत. नुकसानभरपाईचा खटला खालच्या कोर्टात जिंकले, हायकोर्टात हरले, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १९९६ मध्ये, कुटुंबाच्या बाजूने. कोर्टाने म्हटलं की पोटात कापड राहणं हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे, वेगळा पुरावा लागत नाही. ३३ वर्षं.

आता मोजायचं कसं. चांगल्या ओटीत भिंतीवर पांढरा बोर्ड असतो. सुरुवातीला स्क्रब सिस्टर, म्हणजे हात धुऊन सर्जनला हत्यारं देणारी, एकेक मॉप वेगळा करून मोठ्याने मोजते, फ्लोअरची सिस्टर बघते आणि बोर्डवर लिहिते. गठ्ठ्यावर पाच लिहिलंय म्हणून पाच धरायचे नाहीत, गठ्ठ्यात चार निघतात, कधी सहा. मध्ये नवीन गठ्ठा उघडला की लगेच अधिक पाच. वापरलेले मॉप बादलीत गोळा करून टाकायचे नाहीत, जमिनीवर प्लास्टिक पसरून त्यावर पाच-पाचच्या रांगेत मांडायचे, म्हणजे लांबून दिसतं. पोट बंद करायच्या आधी एकदा मोजायचं, कातडी शिवताना परत. गॉज (जाळीदार कापडाचा लहान तुकडा) कापून अर्धा करून वापरायचा नाही, कधीच नाही, कारण मग मोजणीला अर्थ राहत नाही.

आकडा जुळला नाही तर सिस्टरने "सर, एक मॉप कमी आहे" म्हणायचं आणि सर्जनने टाके थांबवायचे. आधी टेबलाखाली, कापडांच्या घड्यांत, कचऱ्याच्या पिशवीत, कोणाच्या चपलेला चिकटलाय का तिथे. नाही मिळाला तर परत पोटात हात घालून बघायचं, तरी नाही तर टेबलवरच एक्स-रे किंवा सी-आर्म (ओटीतलं फिरतं एक्स-रे मशीन). पण एक्स-रेत दिसायला मॉपमध्ये तो निळा धागा पाहिजे. स्वस्तातले किंवा घरी शिवलेले बिनधाग्याचे मॉप एक्स-रेत दिसतच नाहीत. मालकांना हे दहादा सांगावं लागतं, पाकिटामागे काही रुपये वाचतात म्हणून आणतात.

साइन आऊटमध्ये मोजणी सोडून काय असतं? तोपर्यंत सर निघून गेलेले असतात.

तिथेच तर घोटाळा आहे, तिन्हींपैकी साइन आऊट सगळ्यात जास्त बुडते. त्यात ऑपरेशन नक्की काय झालं ते मोठ्याने बोलायचं, कारण ठरवलेलं एक आणि केलेलं दुसरं असं होतं. मग काढलेल्या तुकड्याच्या बाटलीवरचं लेबल पेशंटच्या नावासकट मोठ्याने वाचायचं. गर्भाशयाची किंवा स्तनातल्या गाठीची बाटली बिनलेबलाची लॅबला गेली आणि दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर एकीला नसलेल्या कॅन्सरची ट्रीटमेंट आणि दुसरीला "सगळं नॉर्मल आहे". शेवटी कॉटरी (विजेने कापायचं, रक्त थांबवायचं मशीन) किंवा सक्शनने (रक्त, द्रव ओढून घ्यायचं मशीन) त्रास दिला असेल तर ते लिहायचं, नाहीतर उद्याच्या केसला तेच बंद सक्शन माझ्या वाट्याला. सर्जन ग्लोव्हज काढायच्या आधी हे उरकून घ्या, काढल्यावर ते फोनवर असतात.

वेळ किती जातो?

सवय झाली की तिन्ही मिळून दोन-तीन मिनिटं. चहाला यापेक्षा जास्त जातात.

इमर्जन्सीत कशी करायची? बाळाचे ठोके पडलेत आणि तुम्ही नावं विचारताय?

हात चालू ठेवून बोलायचं. पेशंट शिफ्ट होताना नाव आणि ॲलर्जी, मी औषध भरताना रक्ताचं काय, सर हात धूत असताना अँटिबायोटिक. मोजणी मात्र इमर्जन्सीतच सगळ्यात जास्त लागते, ती सोडायची नाही.

सिस्टरने टाइम आऊट म्हटलं आणि सर म्हणाले "चल, नाइफ दे". मग?

मोठ्या हॉस्पिटलात काही ठिकाणी टाइम आऊट झाल्याशिवाय स्क्रब सिस्टर ब्लेड हातात देत नाही असा नियमच आहे, आणि तो व्यवस्थापनाने लिहून दिलेला असतो म्हणून ती टिकते. छोट्या नर्सिंग होममध्ये सरच मालक, पगार तेच देणार, तिथे बावीस वर्षांच्या मुलीने त्यांना थांबवावं ही अपेक्षा चुकीची आहे. तिथे हे काम भूलतज्ज्ञाचं. मी सिस्टरकडे बघून म्हणते "वाच गं, मी पण ऐकते", सर आपोआप थांबतात.

अशा सरांसाठी एक आकडा आहे. त्या आठ हॉस्पिटलांमधल्या स्टाफला नंतर विचारलं होतं की उद्या तुमचं स्वतःचं ऑपरेशन असेल तर चेकलिस्ट वापरावी का. ९३ टक्के हो म्हणाले, आणि त्याच स्टाफमधले साधारण वीस टक्के तिला वेळखाऊ म्हणत होते.

सकाळीच सगळ्या टिका मारून ठेवल्या तर काय बिघडलं? संध्याकाळी एनबीएचवाले (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारे) येणार आहेत.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. पेशंट अजून वॉर्डात, आणि फाइलला साइन आऊटसकट पूर्ण भरलेली चेकलिस्ट, काउंट करेक्ट, स्पेसिमेन लेबल्ड. एनबीएच मान्यतेला चेकलिस्ट लागते म्हणून ती आली हे चांगलंच झालं, नाहीतर निम्म्या ठिकाणी आलीच नसती. पण अशी भरलेली चेकलिस्ट कोरीपेक्षा वाईट, कारण कोरी बघून निदान कोणाला तरी शंका येते. कोर्टातही ती वाचवणार नाही, उलट वेळा जुळल्या नाहीत तर वकील तिथेच पकडेल. वेळ टाका, त्याच क्षणी टाका, आणि एखाद्या मुद्द्याला "नाही" असेल तर नाही लिहा.

आमच्याकडे फक्त मोतीबिंदूच होतात, १९ मुद्दे कशाला? बदल चालतो का?

चालतो, मूळ कागदाच्या खालीच लिहिलंय की स्थानिक गरजेप्रमाणे भर घाला, बदल करा. मोतीबिंदूत रक्त जायचा प्रश्न नाही पण कुठला डोळा आणि कुठल्या नंबरची लेन्स हे दोन मुद्दे मोठ्या अक्षरात पाहिजेत, विशेषतः शिबिरात, जिथे एकामागे एक पेशंट असतात आणि लेन्सचे डबे सारखेच दिसतात. फक्त वाढवत वाढवत ४० मुद्दे करू नका, कोणी वाचत नाही.

बाळंतपणासाठी डब्ल्यूएचओचीच वेगळी चेकलिस्ट आहे. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांवर तिचा मोठा प्रयोग झाला, निकाल २०१७ मध्ये आला. नर्सेसच्या कामाच्या पद्धती सुधारल्या पण आई-बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. रक्त, भूलतज्ज्ञ, वेळेवर मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी, हे यादीत लिहून उगवत नाही.

आम्ही नातेवाईक. आम्ही काय विचारू शकतो, डॉक्टरांना राग नाही येणार?

रागाचं सोडा, नीट विचारलं तर येत नाही. आदल्या दिवशी सर्जन राउंडला आले की म्हणा, "सर, बाजूचं मार्किंग तुम्ही कधी करणार?" भूलतज्ज्ञ भेटायला आले की ॲलर्जी, चालू गोळ्या, मागच्या भुलीला झालेला त्रास, हलणारे दात, सगळं न विचारता सांगा, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढे पण सांगा, ते कोणी सांगत नाही. नेलपॉलिश आणि मेंदी असेल तर निदान एक बोट मोकळं ठेवा, ऑक्सिमीटरला रीडिंग घ्यायला त्रास होतो. नाव विचारलं की वैतागू नका. आणि बाहेर तुकड्याची बाटली तुमच्या हातात देऊन "लॅबला नेऊन द्या" म्हणाले, जे आपल्याकडे सर्रास होतं, तर निघायच्या आधी तिथेच उभं राहून लेबलवरचं नाव वाचा.